अहीमासाची धाव आणि माझे २९:५२

वाचन: २ शमुवेल १८:१९-३३, उत्पत्ती ३३:१२-१७



"बाई, तुम्ही रोज पळता, मग पळण्यावर कधीच का लिहीत नाही?" असं महिला मंडळातल्या एका बहिणीने मागच्या महिन्यात विचारलं. मी हसून विषय बदलला. पळण्यावर लिहायचं तर एका डिसेंबरच्या रविवारबद्दल लिहावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मी जे केलं ते मंडळीत फार थोड्यांना ठाऊक आहे. आता ज्यांच्या बाबतीत ते घडलं त्यांनीच परवानगी दिली. "लिही," म्हणाल्या, "फक्त माझं नाव घालू नको." म्हणून या लेखात त्या नुसत्या अक्का. आमच्या आदिलाबादेत थोरल्या बहिणीसारख्या बाईला अक्काच म्हणतात, हा शेजारच्या तेलुगूचा गुण.

मी धावायला लागले ती त्रेचाळिसाव्या वर्षी. शाळेत दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, वजन वाढलेलं. इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर पहाटे फिरायला जाऊ लागले. तिथे पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं असतात. २०२२ च्या भरतीत तेलंगणात शिपाईपदासाठी मुलांना १६०० मीटर ७ मिनिटं १५ सेकंदांत पार करायचे होते. ती मुलं हा आकडा घोकत पळायची. चारशे मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे फेरीला १ मिनिट ४८ सेकंदांच्या आसपास. पहिली फेरी दीड मिनिटात मारणारा मुलगा चौथ्या फेरीत कंबरेवर हात ठेवून चालत यायचा, आणि दुसरे त्याच्या अंगावरून निघून जायचे. वेग म्हणजे काय हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. त्यातल्याच एकाने मला सांगितलं, "मॅडम, पहिल्या किलोमीटरला दहा सेकंद वाचवले की शेवटच्याला व्याजासकट भरावे लागतात."

हळूहळू मी पाच किलोमीटर न थांबता पळू लागले. मग घड्याळ आलं. आधी ३६ मिनिटं, मग ३४, मग एकदा ३१:४०. आणि डोक्यात आकडा बसला: तीसच्या आत. तीस मिनिटांत पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, चारशे मीटरला २ मिनिटं २४ सेकंद. हा आकडा मला कुणी दिला नव्हता. एकतीस मिनिटांत पळाले म्हणून शाळेत पगार कापला जाणार नव्हता. पण ज्यांना हे वेड लागलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मंगळवारी चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक २:२० मध्ये, मध्ये दीड मिनिट चालणं. बाकी दिवस इतकं हळू, की बरोबरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. कपाशीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांतून पडलेला कापूस रस्त्याच्या कडेला साचतो. थंडीत पहाटेच्या अंधारात त्याच्या बाजूने पळायचं आणि मनात आकडे मोजायचे. प्रार्थनेची वेळही तीच होती. आकडे प्रार्थनेत घुसायचे, हे कबूल करते.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, साखरेचा त्रास, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. मी त्यांना स्टेडियमवर ओढून नेलं. आधी चालणं, मग दोन खांबांमधलं अंतर पळणं. त्यांच्या सुनेने फोनवर एक दिवस लताबाई करेंची चित्रफीत दाखवली. बारामतीच्या त्या लताबाई. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. अक्कांना शर्यत जिंकण्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "नऊवारीत पळते ते! मग मी पंजाबी ड्रेसवर काहून नाही?"

त्याच सुमारास गावात पाच किलोमीटरची एक दौड जाहीर झाली. अक्कांनी नाव घातलं, पण त्यांना दोन भित्या होत्या. एक, मधेच चक्कर येईल. दुसरी त्याहून मोठी: सगळ्यांत शेवटी आपण एकट्या येऊ आणि लोक बघत राहतील. मी म्हटलं, "अक्का, मी शेवटपर्यंत तुमच्याबरोबर. तुमच्या पावलाने." हे मी चर्चच्या पायरीवर उभी राहून म्हटलं होतं. माझ्या तीसबद्दल त्यांना ठाऊक होतं. त्या चिडवायच्या, "तीसच्या नादी लागू नको बाई, तीस रुपयांचं काय झालं ते बायबलात वाचलं ना!"

दौड रविवारची होती. आपल्याकडे रस्त्यावरच्या दौडी बहुतेक रविवारीच असतात, रहदारी कमी असते म्हणून. आमच्या मंडळीत यावर बोलणं झालं. एका वडीलधाऱ्यांनी मला एरिक लिडलची आठवण दिली. स्कॉटलंडच्या या धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत म्हणून त्या शर्यतीतून अंग काढून घेतलं. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. मग मिशनरी होऊन चीनला गेला. मी त्या काकांना म्हटलं, सकाळी साडेसहाची दौड आणि दहाची उपासना, दोन्ही जमतं. मात्र लिडलच्या गोष्टीचा एक भाग ते सांगत नाहीत, तो मला फार आवडतो. युद्धात जपान्यांनी त्याला वेइशेन इथल्या छावणीत डांबलं. तिथे अडकलेल्या मुलांसाठी तो खेळ भरवायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलं स्वतःच हॉकी खेळायला उतरली आणि पंच नसल्याने मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जे मोडलं नाही ते त्याने पोरांसाठी मोडलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच छावणीत तो वारला.

हे सगळं मला त्या रविवारच्या आधीच माहीत होतं. नुसतं माहीत असून भागत नाही, एवढंच.

आता तो दिवस. थंडी चांगलीच होती, तोंडातून वाफ निघत होती. अक्का शाल पांघरून आल्या, सुरुवातीच्या रेषेपाशी ती घडी करून सुनेकडे दिली. आम्ही प्रार्थना केली. शिट्टी झाली. गर्दी सुटली, मागचे ढकलत होते, आणि मला वाटलं, जरा गर्दीतून बाहेर पडावं, पुढे जाऊन अक्कांसाठी थांबावं. शंभर मीटर गेले. पाय हलके होते. महिनाभर ज्याची वाट पाहिली तो दिवस आजचा आहे, हे अंगाला कळत होतं. दोनशे मीटर. मी मागे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

पहिला किलोमीटर ५:२०. म्हणजे चाळीस सेकंद जास्त वेगाने, निव्वळ मूर्खपणा. दुसरा ५:४५, तिसरा ६:०५. चौथ्याला व्याज भरावं लागलं, ६:३०. छाती जळत होती, एक चढ संपेना. पाचव्यात उरलंसुरलं घातलं, ६:१२. घड्याळ दाबलं तेव्हा २९:५२.

गळ्यात पदक पडलं. केळं आणि पाण्याची बाटली मिळाली. मी दहा मिनिटं थांबले, मग घरी निघाले. स्वतःशी म्हटलं, चर्च उघडायचं आहे, सतरंज्या घालायच्या आहेत, फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहायचे आहेत, अक्का सुनेबरोबर येतीलच. पण उपासनेला अजून तीन तास होते. मला घाई नव्हती. तिथे उभी राहिले असते तर अक्कांना तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून मी निघाले.

आणि मग मी जे केलं ते लिहिताना आजही हात थांबतो. उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. देवाने या वयात मला पाच किलोमीटर तीस मिनिटांच्या आत पळण्याची शक्ती दिली म्हणून त्याचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डाव्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत अक्कांची जागा रिकामी होती. मला ती दिसली होती.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. अक्का दुसऱ्या किलोमीटरपर्यंत एकट्या गेल्या. दौडीसाठी आडवे लावलेले कठडे उचलायला सुरुवात झाली होती, मोटारसायकली बाजूने जाऊ लागल्या. त्या सकाळी गोळी घेऊन, काही न खाता निघाल्या होत्या. मी बरोबर असणार म्हणून साखरेची पुडी माझ्या खिशात होती. घाम सुटला, हात कापू लागले. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. शेजारच्या चहावाल्याने काय ते ओळखलं आणि तीन चमचे साखर घालून चहा पाजला. देवाने त्या माणसाला तिथे ठेवलं होतं. थोड्या वेळाने त्या रिक्षाने घरी गेल्या.

खिशात हात घातला तर पुडी होती.

त्या आठवड्यात माझ्या वाचनात दुसरं शमुवेल चालू होतं. अठरावा अध्याय मी कित्येकदा वाचला आहे, पण नेहमी दावीदाच्या रडण्यासाठी. या वेळी नजर अडकली ती अहीमासावर. लढाई संपली आहे, अबशालोम मारला गेला आहे. सादोकाचा मुलगा अहीमास यवाबाला म्हणतो, मला धावत जाऊन राजाला बातमी सांगू दे. यवाब म्हणतो, आज नको. तो एका कूशी माणसाला पाठवतो. अहीमास ऐकत नाही. यवाब विचारतो, बाळा, तू कशाला धावतोस, तुला यातून काही मिळणार नाही. तरी तो धावतोच. तो सपाटीची वाट धरतो आणि आधी निघालेल्या कूश्याला मागे टाकतो. म्हणजे वेगाचं आणि वाटेचं गणित त्याला येत होतं. वेशीवरचा पहारेकरी लांबूनच सांगतो की पुढच्याची चाल अहीमासासारखी दिसते. चालीवरून ओळखला जाणारा धावपटू! स्टेडियमवर आम्हीही अंधारात एकमेकांना असंच ओळखतो.

तो पहिला पोचतो. राजा विचारतो, माझा मुलगा बरा आहे ना? आणि अहीमासाला सांगता येत नाही. मोठी गडबड दिसली, पण काय होती ते कळलं नाही, असं काहीतरी तो बोलतो. राजा त्याला म्हणतो, बाजूला उभा राहा. तो बाजूला उभा राहतो. मग मागून कूशी येतो आणि खरी बातमी सांगतो.

इतक्या जोरात पळून आलेला माणूस, आणि ज्या एका गोष्टीसाठी पळायचं तीच त्याच्या तोंडून निघत नाही. मी साक्षीला उभी राहिले तेव्हा पाळकसाहेबांनी किंवा कुणी जर विचारलं असतं, "आणि अक्का बऱ्या आहेत ना?" तर मी काय सांगितलं असतं?

मी सोमवारी त्यांच्या घरी गेले. रडायची तयारी करून गेले होते. अक्कांनी बसायला सांगितलं, बिनसाखरेचा चहा केला, सुनेच्या बाळंतपणाचं बोलत राहिल्या. मी माफी मागितली. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुले पळायचं होतं, पळायचं ना. मी अडवलं असतं का? पर एकदा मांगं पाह्यलं असतं, तरी मले पुरलं असतं." इतकंच. मी पुडी टेबलावर ठेवून आले. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या स्टेडियमवर आल्या नाहीत. चर्चमध्ये भेटायच्या, सलाम करायच्या, हात हातात घ्यायच्या नाहीत.

त्या दोन महिन्यांत मी पळत होते, पण घड्याळ घरी ठेवून. पौलाने करिंथकरांना शर्यतीचं उदाहरण दिलं तेव्हा धावणाऱ्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. करिंथजवळ इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरायचे. कोण पुढे कोण मागे एवढंच लोक बघत, वेळ कुणी मोजत नसे. 'माझी आजवरची सर्वांत कमी वेळ' ही गोष्टच तेव्हा नव्हती. पौलाच्या धावपटूला निदान शेजारचा दिसत होता. माझ्यासारखीला फक्त स्वतःचं मनगट दिसतं. याचा अर्थ घड्याळ वाईट असं मी म्हणत नाही. आकड्याने मला पहाटे उठवलं, माझी सूज उतरवली. पण एक माणूस मागे टाकून मी तो गाठला, आणि तो आकडा आजही घड्याळात जपलेला आहे. पुसून टाकलेला नाही. पुसून काय होणार.

याकोबाची गोष्ट मला पाळकसाहेबांनी दाखवली. त्यांना सगळं सांगितल्यावर ते उपदेश करतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय उघडून दिला. वीस वर्षांनी दोघे भाऊ भेटले आहेत. एसावाबरोबर चारशे माणसं. तो म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, नको, मुलं कोवळी आहेत, गाई-मेंढ्या दूध पाजणाऱ्या आहेत, एक दिवस जरी दामटलं तरी कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी जनावरांच्या आणि मुलांच्या चालीने येतो. पवित्र शास्त्रात वेगाबद्दल इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच असेल. कळपाचा वेग सगळ्यांत पुढच्या बैलाचा नसतो, सगळ्यांत मागच्या कोकराचा असतो. आणि हेही लक्षात घ्या की याकोब स्वतः लंगडत होता. आदल्या रात्री पनीएलला त्याची जांघ उखळली होती. पोरांचं निमित्त सांगणाऱ्याला स्वतःलाही वेगाने जाता येत नव्हतं.

पण पाळकसाहेबांनी पुढच्या ओळीवरही बोट ठेवलं. याकोब भावाला म्हणाला, सेईरला तुमच्याकडे येतो. आणि गेला कुठे? सुक्कोथला. तिथे घर बांधलं, गुरांना खोपटी केली. सेईरला तो त्या वेळी गेलाच नाही. "बाई," पाळकसाहेब म्हणाले, "हळू चालणारेही शब्द मोडतात. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका, आणि फार बरंही वाटून घेऊ नका." मला ते पटलं, म्हणून लिहिते.

अक्का परत आल्या त्या मार्चमध्ये, स्वतःहून. "घरात बसून साखर अडीचशेवर गेली," म्हणाल्या. या वेळी आधी डॉक्टरांकडे गेलो दोघी. गोळीची वेळ बदलून घेतली. पळण्याआधी काहीतरी खायचं, बोटातून रक्त तपासायचं, ७० च्या खाली आकडा गेला किंवा हात कापू लागले तर लगेच पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखरेची पुडी आता त्यांच्याच खिशात असते. आपल्या मंडळ्यांत साखरेचे आजारी किती आहेत ते बघता हे इथे लिहून ठेवणं बरं.

मग पद्धत. जेफ गॅलोवे नावाचा एक अमेरिकन धावपटू, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेला, नवख्यांना सांगायचा की दमल्यावर चालू नका, दमायच्या आधीच ठरवून चाला. आम्ही दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं बसवलं. अक्कांचं ध्येय पाऊण तास. म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटं, तीन-तीन मिनिटांच्या बरोबर तीन फेऱ्या. हिशेब माझा, पण ध्येय त्यांचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो, तेव्हा पाच वाजताच मैदान गाठायचं आणि ऊन कोवळं असतानाच घरी.

माझ्यासाठी हे सोपं नव्हतं, आणि याची मला कल्पनाच नव्हती. हळू पळताना पावलं आखूड पडतात, पोटऱ्या दुखतात. मन पुढे पळतं. दर वेळी मी नकळत दोन पावलं पुढे असायची आणि अक्का मागून ओरडायच्या, "ए एसाव!" हे नाव त्यांनीच ठेवलं.

दुसऱ्याला वेग धरून देणाऱ्यांचं काम केवढं असतं ते तेव्हा वाचलं. १९५४ च्या ६ मे रोजी ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टरने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला, जगात पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत. त्याच्या पुढे दोन मित्र पळत होते, आधी ख्रिस ब्रॅशर, मग ख्रिस चॅटवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टर मागून ओरडला, आणखी जोरात! ब्रॅशरने ऐकलं नाही. तो ठरलेल्या चालीनेच पळत राहिला, आणि तीच चाल बरोबर होती. जो पळणार तो उतावीळ असतोच. पुढच्याने शांत राहायचं असतं.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक दौड आली. पुन्हा रविवार. सुरुवातीच्या रेषेवर आम्ही मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभ्या राहिलो, म्हणजे ढकलणारं कुणी नको. शिट्टी झाली, सगळे गेले, आणि अक्का जोरात सुटल्या! बॅनिस्टरसारख्याच. मी ब्रॅशर झाले. "अक्का, हळू." त्या माझ्याकडे रागाने बघत होत्या. दोन मिनिटं झाली की "चाला." एक मिनिट झालं की "पळा." तिसऱ्या किलोमीटरला मी त्यांना थांबवून पाणी पाजलं, बोट टोचलं, आकडा बघितला. ठीक होता. बाजूने एक शाळकरी पोरगा, आमच्याच शाळेतला, आम्हाला बघून म्हणाला, "टीचर, तुम्ही आज शेवटी?" मी म्हटलं, "हो रे." अक्का म्हणाल्या, "शेवटी मी हाय. तुझ्या टीचरचा नंबर माझ्या आधीचा."

रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात ४५:२०. लोक खरंच उभे राहून बघत होते, आणि टाळ्या वाजवत होते. अक्कांनी मला मिठी मारली, मग माझं मनगट धरून घड्याळ बघितलं, आणि चेहरा उतरला.

"वीस सेकंद? वीस सेकंद कुठं गेले?"

"तिसऱ्या किलोमीटरला थांबलो ना, अक्का. बोट टोचलं."

"ते मी धरले होते हिशेबात. ते नव्हं. चौथ्यात तू मले पळू दिलं नाही."

चहाच्या गाडीवर गेलो. अक्का अजून मनातल्या मनात किलोमीटर मोजत होत्या. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळेले तू तुझी पळ. मले आता वाट माहीत हाय, साखर खिशात हाय."

मी काही बोलले नाही.

"खरं सांगते. जाय तू पुढं. फक्त आधी सांगून जाय."

साडेआठ वाजत आले होते. चर्चची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. अक्का म्हणाल्या मी पण येते, आणि त्या दिवशी सतरंजीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. सतरंजी झटकताना मला म्हणाल्या, "किलोमीटरले चार सेकंद कमी करायचे, बस. मंगळवारी किती वाजता येऊ?"